नहर : एका शब्दाचे जलमार्ग

१

झाशीच्या जुन्या शहरातील बाजारपेठेच्या एका भागाचे नाव मानिक चौक. मराठी वाचकाच्या डोळ्यांना त्या नावातला 'न' प्रथमदर्शनी खटकतो. मूळ संस्कृत 'माणिक्य'. मराठीने त्यातील 'ण' जपला आणि 'माणिक' केले. बुंदेली बोलीने तो 'न'मध्ये मुरवून टाकला. झाशीत मराठी कुटुंबांची वस्ती अठराव्या शतकापासून आहे. नारो शंकर हे पेशव्यांचे सुभेदार म्हणून १७४२ मध्ये तेथे आले, किल्ल्याचा आणि गावाचा विस्तार झाला, पुढे नेवाळकरांची राजवट आली आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केल्यावरही मराठी घरे तेथे राहिली. या घरांनी माणिकाचा 'ण' बोलावा की मानिकाचा 'न', हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु शब्द एका मुखातून दुसऱ्या मुखात जाताना काय गमावतो आणि काय मिळवतो, या मोठ्या प्रश्नाचेच ते लहानसे रूप होय.

त्याच झाशीजवळ हा प्रश्न अधिक गंभीर स्वरूपात उभा करणारा दुसरा एक शब्द वाहताना दिसतो. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरांवर पारीछा येथे बेतवा नदीवर बंधारा आहे. १८८१ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी सुटले. झाशी, जालौन आणि हमीरपूर या कोरड्या मुलखांना दुष्काळातून सावरण्यासाठी काढलेल्या या जलमार्गाला सारा बुंदेलखंड 'बेतवा नहर' म्हणतो. येथे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. 'बेतवा' ही वेत्रवती. संस्कृत काव्यातून आलेली. 'नहर' मात्र अरबी. आणि अरबीत 'नह्र' म्हणजे कालवा नव्हे, तर प्रथमतः नदीच. म्हणजे शब्दशः पाहता 'बेतवा नहर' या नावात नदीवाचक अर्थ दोनदा आला आहे. नदीचे नाव आपल्या पोटी घेऊन फिरणारा हा शब्द मनुष्यनिर्मित प्रवाहाचा वाचक केव्हा आणि कसा झाला, आणि मराठीने त्याचे काय केले, याचा शोध घेणे उद्बोधक ठरते.

२

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'नह्र' हा शब्द संबंधित भाषांत 'पसरला' असे म्हणताना दोन अगदी भिन्न घटनांची गल्लत होते. सेमिटिक कुळातील भाषांमध्ये हा शब्द कोणी कोणाकडून घेतलेला नाही. तो त्या सर्वांना वडिलोपार्जित मिळालेला आहे. न-ह-र या तीन व्यंजनांचे धातुरूप अरबीत 'नह्र', हिब्रूत 'नाहार', आरामाईत 'नहरा' अशा रूपांनी आढळते. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शमरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगराच्या मृत्तिकापट्टिका मिळाल्या. त्यांतील पुराणकथांत समुद्रदेव 'याम' याला 'न्यायाधीश नहर' असे उपपद आहे. अक्कादी भाषेत याच शब्दाचे 'नारू' झाले. अक्कादीने सुमेरी भाषेच्या सहवासात आपले बरेच कंठ्य वर्ण गमावले. मधला 'ह' लोपला आणि मागचा स्वर दीर्घ झाला. ही रूपे म्हणजे बहिणी आहेत. एकीने दुसरीला जन्म दिलेला नाही.

फारसी, तुर्की, उर्दू, हिंदी आणि मराठी यांची गोष्ट निराळी आहे. या भाषांचा सेमिटिक कुळाशी रक्ताचा संबंध नाही. त्यांच्याकडे हा शब्द राज्य, धर्म, व्यापार आणि स्थापत्य यांच्या वाटेने आला. तुर्कीने त्याचे 'नेहिर' केले आणि मूळचा 'नदी' हाच अर्थ ठेवला. फारसीत नदीसाठी 'रूद' आणि ओढ्यासाठी 'जू' हे स्वतःचे शब्द असल्याने 'नह्र' त्यांच्यामध्ये जागा शोधीत राहिला. ही उसनवारी आहे. वारसा आणि उसनवारी यांतील हा फरक ध्यानी न घेता केवळ ध्वनिसाम्यावरून नाती जुळवली, तर मोठे घोटाळे होतात. संस्कृत 'नदी' आणि अरबी 'नह्र' यांचा आरंभीचा 'न' एक आहे आणि अर्थही एक आहे. पण 'नदी' हा 'नद्' म्हणजे नाद करणे या धातूपासून आलेला असून त्याचा न-ह-र शी काही संबंध नाही. हिंदीतील 'नहाना' आणि 'नहर' यांचेही तसेच. 'नहाना' हे संस्कृत 'स्नान'चे लेकरू. भाषेच्या इतिहासात सारखे दिसणारे सारेच सगोत्र नसतात.

३

सेमिटिक जगात या शब्दाच्या पोटी आरंभापासून एक दुहेरीपणा होता. अक्कादीतील 'नारू' हा नदीलाही लागू होता आणि कालव्यालाही. हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. तैग्रिस आणि युफ्रातीस यांच्या सपाट खोऱ्यात नदी आपला मार्ग बदलत असे आणि माणूस नवे मार्ग खणत असे. दोन-चार पिढ्यांनंतर कोणता प्रवाह निसर्गाचा आणि कोणता राजाज्ञेचा, हे सांगणे कठीण होई. बॅबिलोनच्या राजाला कालवा खणणे हे युद्ध जिंकण्याइतकेच गौरवाचे कृत्य वाटे. हम्मुराबीच्या विधिसंहितेत चेटुकाचा आरोप असलेल्या माणसाला नदीत उतरवून तिच्याकडूनच न्याय मागण्याची तरतूद आहे. उगारितच्या 'न्यायाधीश नहर'शी ही कल्पना ताडून पाहण्यासारखी आहे.

पुढे अब्बासी खलिफांच्या काळात बगदादच्या परिसरात 'नह्र ईसा', 'नह्र अल्-मलिक' अशा नावांचे मोठे कालवे होते. म्हणजे अरबीतही 'नह्र' कृत्रिम प्रवाहाला लागत असे. फक्त नदी हा अर्थ तेथे मुख्य राहिला.

दुसरे एक वैशिष्ट्य असे की, या शब्दाने सीमा आखण्याचे काम केले. प्राचीन इजिप्तच्या लेखांत युफ्रातीसच्या वळणातील प्रदेशाला 'नहरिन' म्हटले आहे. तेथेच मितान्नी राज्य होते. त्या राज्याच्या इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवतांची नावे साक्षीदार म्हणून येतात. भारतीय वाचकाला 'नहर' शब्द परका वाटतो. पण वैदिक देवतांची नावे असलेला एक सर्वांत जुना लिखित पुरावा 'नहरिन' देशाचाच आहे, ही गोष्ट मनोज्ञ आहे. हिब्रू धर्मग्रंथात केवळ 'ती नदी' म्हटले की बहुधा युफ्रातीस समजायची. अकिमेनिड इराणी साम्राज्यात तिच्या पश्चिमेच्या सुभ्याला 'नदीपलीकडचा' अशा अर्थाचे आरामाई नाव होते. हजार-बाराशे वर्षांनी अरबांनी ऑक्सस म्हणजे आमू दर्याच्या पलीकडच्या प्रदेशाला 'मावराउन्नहर' म्हणजे पुन्हा 'नदीपलीकडचा' असेच नाव दिले. नदी बदलली, भाषा बदलली, पण रचना तीच राहिली.

मराठी मनाला ही रचना अपरिचित नाही. भीमथडी, गंगथडी ही नावे नदीकाठावरून पडली आणि पेशवाईच्या कागदपत्रांत नर्मदेपलीकडचा मुलूख तो 'हिंदुस्थान'. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घराबाहेर पडले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' हा या अर्थाने मराठीतील एक 'नदीपलीकडचा' ग्रंथ आहे. चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ मध्ये पुष्कळ फेरफार करून छापला आणि दत्तो वामन पोतदारांनी मुळाबरहुकूम १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. या भटजींनी परतताना आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेचे पाणी कावडीत घालून कोकणापर्यंत आणले. नदीचे पाणी खांद्यावर वाहून आणणे ही श्रद्धेची रीत झाली. तेच पाणी उताराने खेळवत आणणे ही व्यवहाराची रीत, आणि 'नहर' शब्द भारतात या दुसऱ्या रीतीशी बांधला गेला.

४

हा शब्द भारतात कोणत्या दाराने शिरला ते पाहता त्याच्या अर्थसंकोचाचे कारण उलगडते. उत्तर भारतात नदीला नावांची वाण नव्हती. 'नदी' होतीच, फारसीबरोबर 'दर्या'ही आला. तेव्हा 'नह्र'ला नदी म्हणून राहण्यास जागा उरली नाही. मात्र एक वस्तू अशी होती की, तिला नव्या राज्यकर्त्यांच्या भाषेत निश्चित नाव हवे होते. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने यमुनेचे पाणी हिसारकडे नेले. सतराव्या शतकात शाहजहानच्या कारकिर्दीत तोच जुना मार्ग दुरुस्त करून पाणी दिल्लीत आणण्यात आले. लाल किल्ल्यातील महालांमधून वाहणाऱ्या प्रवाहाला 'नहर-ए-बिहिश्त', म्हणजे स्वर्गाची नहर, असे नाव मिळाले. कुराणातील स्वर्गाच्या वर्णनात उद्यानांखालून नद्या वाहतात. तेथे पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्यांचा उल्लेख आहे. बादशहाच्या बागेतील दगडी पन्हळीला स्वर्गीय नदीचे नाव देण्यात रूपक होते. कालांतराने रूपकाचा विसर पडला आणि शब्द उरला. चांदणी चौकाच्या मधून वाहणारा पाण्याचा प्रवाह म्हणजे 'नहर' हे दिल्लीकराला सांगावे लागत नसे.

याच दिल्लीतील नहरीच्या काठावरून या शब्दाचे एक आडनाव झाले आणि ते आधुनिक भारतात घरोघरी पोहोचले. जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात आपल्या घराण्याची हकीकत दिली आहे. राज कौल हे पूर्वज १७१६ च्या सुमारास फर्रुखसियर बादशहाच्या काळी काश्मीरमधून दिल्लीस आले. त्यांना मिळालेले घर नहरीच्या काठी होते, म्हणून कौल घराण्याला 'नेहरू' हे उपनाम जडले आणि पुढे 'कौल' गळून पडले.

ध्वनीच्या अंगानेही येथे एक नियम दिसतो. अरबीत 'नह्र' आहे. ह आणि र यांच्यामध्ये स्वर नाही. भारतीय जिभेला अशी शेवटची जोडाक्षरे जड जातात आणि ती मध्ये 'अ' घालते. फारसी 'शह्र'चे 'शहर', 'झह्र'चे 'जहर', अरबी 'कह्र'चे 'कहर' आणि 'नह्र'चे 'नहर' ही एकाच साच्यातील रूपे होत. लिंगाचे मात्र तसे झाले नाही. अरबीतला पुल्लिंगी शब्द हिंदी-उर्दूत स्त्रीलिंगी झाला. बहुधा 'नदी'च्या संगतीने. मराठीत त्याचे लिंग अजून स्थिरावलेले नाही. कोठे 'नहरीचे पाणी' ऐकू येते, कोठे 'नहराचे पाणी'. पाहुणा घरचा झाला की नाही हे ओळखण्याची ही एक खूण मानता येईल.

५

मराठी प्रदेशात 'नहर' या शब्दाचे सर्वांत ठसठशीत स्थान म्हणजे औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर हा जन्माने हबशी; गुलाम म्हणून विकला जात जात, बगदादमार्गे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० मध्ये त्याने खडकी येथे राजधानी वसवली. या जागी मोठी बारमाही नदी नव्हती. तेव्हा उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत मार्गाने गोळा करून केवळ उताराच्या बळावर गावात आणण्याची योजना १६१७ च्या सुमारास आखली गेली. तीच 'नहर-ए-अंबरी'. पुढे मोगल काळात आणि त्यानंतरही नवे जलमार्ग निघाले. पाणचक्कीची नहर त्यांतील सर्वांत ख्यात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ त्या पाण्याच्या झोताने जाते फिरत असे. आणि त्याच शहरात 'थत्ते नहर'ही आहे. चित्पावन आडनाव आणि सेमिटिक धातू यांचा हा समास कोणत्याही व्याकरणकाराने घडवलेला नाही. तो पाणी भरणाऱ्यांनी घडवला.

यावरून असा तर्क सहज सुचेल की, इराणी धर्तीचे भूमिगत जलतंत्र जेथे आले तेथे 'नहर' शब्दही आला. पण वस्तुस्थिती या तर्काला साथ देत नाही. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, ही त्याच निजामशाहीची जुनी राजधानी. तेथेही डोंगरपायथ्याचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळ्यांतून शहरात आणलेले होते. पण तेथील लोक त्यास 'खापरी नळ' म्हणतात. बुऱ्हाणपुरात मोगलांच्या अमदानीत सतराव्या शतकाच्या आरंभी याच जातीची योजना झाली. तिचे नाव 'कुंडी भंडारा'. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५० च्या आसपास कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातील हौदांपर्यंत पाणी आणले गेले. तो 'कात्रजचा नळ'. हवा खेळण्यासाठी आणि गाळ बसण्यासाठी त्यावर जागोजाग बांधलेले मनोरे म्हणजे 'उच्छ्वास'. तत्त्व एकच, उतार एकच, पण शब्द मात्र वेगवेगळे.

याचे कारण तंत्रात नसून सांभाळात शोधले पाहिजे. एखादी वास्तू बांधणारा तिला एकदा नाव देतो. तिची निगा राखणारे तिला रोज नाव देतात. औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. नहरींची देखभाल, पाण्याचे वाटप, तक्रारी, हिशेब हे सारे फारसी-उर्दूच्या वातावरणात चालले. म्हणून तेथे 'नहर' टिकली आणि मराठी बोलणाऱ्यांच्याही तोंडी बसली. अहमदनगर १७५९ मध्ये पेशव्यांकडे आले. पुणे तर त्यांचेच. तेथे वेळूच्या पोकळ कांडीवरून आलेला 'नळ' हा साधा शब्द पुरेसा होता. राजाच्या दिलेल्या नावापेक्षा गाळ उपसणाऱ्याच्या तोंडचे नाव अधिक काळ जगते, असा निष्कर्ष यातून निघतो.

या निष्कर्षाला विदर्भाचा पुरावा दुजोरा देतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात उघड्या कालव्यालाही सर्रास 'नहर' म्हणतात. गोसेखुर्दची नहर, आसोलामेंढ्याची नहर हे तेथील शेतकऱ्याचे रोजचे शब्द. हा प्रदेश मोगलांच्या वास्तुशास्त्राने नव्हे, तर मध्य प्रांताच्या हिंदीमिश्रित कारभाराने 'नहर' शिकला. तोच शेतकरी पश्चिम महाराष्ट्रात जन्मला असता, तर त्याने नीरेचा किंवा मुठेचा 'कालवा' म्हटले असते. आणि खानदेशात पांझरेच्या काठी असता, तर 'पाट'. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्यातून निघणारा तो पाट आणि पाण्याची पाळी सांभाळणारा तो पाटकरी. सरकारी खात्याने हाच शब्द उचलून 'पाटबंधारे' हे नाव दीर्घकाळ मिरवले.

६

'दर्या' या शब्दाची कहाणी 'नहर'शेजारी ठेवली म्हणजे चित्र पुरे होते. प्राचीन फारसीत हा शब्द समुद्रवाचक होता. मध्य आशियात तो नदीला लागला. आमू दर्या, सीर दर्या ही त्याची उदाहरणे. पंजाबात आणि उर्दूतही दर्या म्हणजे नदी. मराठीने मात्र तो समुद्राच्याच अर्थाने घेतला. दर्यासारंग, दर्यावर्दी हे शब्द कोकण किनाऱ्यावर आणि आरमाराच्या संगतीत रुजले. मोठ्या पाण्याला समुद्राचे नाव देण्याची रीत अरबी जगातही आहे. इजिप्तचे लोक बोलण्यात नाईलला 'अल्-बह्र' म्हणजे समुद्र म्हणतात. उलट अंदलुसियात अरबांनी मोठ्या नदीला 'वादी' म्हटले, आणि 'अल्-वादी अल्-कबीर' या नावाचे स्पॅनिश मुखात ग्वादलकिविर झाले. माल्टाची भाषा तर अरबीचीच लेक. पण त्या बेटावर बारमाही नदी नाही आणि नदीसाठी रूढ असलेला शब्दही 'नह्र' नाही. शब्द रक्ताने मिळतो खरा, पण तो जगतो भूगोलावर.

मराठी भाषकांकडे हा धातू आणखी एका वाटेने आला आहे आणि ती वाट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत प्रसिद्ध केली. बाबेलच्या नद्यांकाठी बसून हरवलेल्या नगराचे स्मरण करणारे स्तोत्र हिब्रूत वाचणाऱ्या अलिबाग-पेणच्या माणसाच्या ओठी 'नाहार' हा शब्द येई. बोलताना तो 'नदी' म्हणे. १९४८ नंतर या समाजातील पुष्कळ कुटुंबे इस्राएलमध्ये गेली. तेथे 'नाहार' हा प्रार्थनेतला शब्द नकाशावरचाही झाला. एकाच मराठी भाषेच्या परिघात एकाला हा शब्द मलिक अंबरच्या भुयारातून मिळाला, दुसऱ्याला दावीदाच्या स्तोत्रांतून. आणि दोघांना परस्परांच्या शब्दांचे नाते माहीत असण्याचे कारण नव्हते.

७

अशा शब्दाला 'परकीय' म्हणावे काय, हा प्रश्न मराठीत नवा नाही. शिवकालात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने यावनी संज्ञांना संस्कृत पर्याय सिद्ध झाले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. माधवराव पटवर्धनांचे उदाहरण या संदर्भात अत्यंत बोलके आहे. १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करून मराठीतील फारसी-अरबी शब्दांची जंत्री त्यांनीच मांडली आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजूही त्यांनीच घेतली. या भूमिकेमागे स्वत्वाची आस्था होती हे नाकारता येत नाही. राजसत्ता बदलल्यावर कारभाराची भाषा बदलावी, प्रजेला ती कळावी, ही मागणी न्याय्यच होती.

तथापि 'नहर'च्या बाबतीत ही कसोटी अपुरी पडते. तिचा पर्याय म्हणून जो 'कालवा' सुचेल, त्याचे नाते कन्नड 'कालुवे' आणि तमिळ 'काल्वाय्' यांच्याशी दिसते; तोही एका अर्थी पाहुणाच. मग एक पाहुणा घरचा आणि दुसरा परका, हे ठरवायचे कशावरून? शब्दाच्या जन्मस्थानावरून ठरवले, तर दोन्ही जातील. वापरावरून ठरवले, तर दोन्ही राहतील. उत्तर प्रदेशात मुख्य जलमार्ग तो नहर, तिची शाखा रजबहा, शेतात शिरणारी ती गूल आणि पाणी सोडायचे तोंड म्हणजे कुलाबा. महाराष्ट्रात कालवा, वितरिका, चारी, पोटचारी आणि शेवटी दांड. दोन्हीकडे वरच्या टोकाशी दुरून आलेला शब्द आहे आणि मातीशी पोचता पोचता शब्द शेताच्या भाषेचे होत जातात. पाणी जसे मोठ्या मार्गातून लहान मार्गात उतरते तशीच भाषाही उतरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

खरी चिंता शब्दाच्या कुळाची नसून त्याच्या अर्थाच्या जपणुकीची आहे. औरंगाबादच्या नहरी विसाव्या शतकात नळपाणीयोजना आल्यावर दुर्लक्षित झाल्या. त्यांचे मार्ग कोठून जातात, पाणी कोठे थांबवायचे, गाळ केव्हा काढायचा, हे ज्ञान लिखित ग्रंथांत थोडे आणि निगा राखणाऱ्यांच्या बोलण्यात अधिक होते. बोलणारे गेले की शब्द कोशात राहतो, पण त्याचे हात तुटतात. 'उच्छ्वास' आज पुष्कळ पुणेकरांना केवळ श्वासाचा शब्द वाटतो. जमिनीखालच्या पाण्यालाही श्वास घ्यावा लागतो, हे त्या शब्दाने साठवलेले ज्ञान शब्दाबरोबरच मागे पडते.

बुंदेलखंडात हा प्रश्न आज पुन्हा उभा आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी झाली. केनचे पाणी बेतवेच्या खोऱ्यात नेणारी एक नवी नहर त्यासाठी खणली जाणार आहे. मराठी याला 'नदीजोड' म्हणते. हिंदी 'लिंक नहर'. पहिल्या शब्दात दोन नद्या परस्परांना भेटतात असे वाटते. दुसऱ्यात त्या दोहोंमध्ये माणसाने खणलेला एक मार्ग आहे याची आठवण राहते. त्या मार्गासाठी कोणाची जमीन आणि कोणते अरण्य द्यावे लागेल, त्याचे पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोहोचेल आणि गाळ कोण उपसेल, हे प्रश्न 'जोड' या गोड शब्दाने झाकले जाण्याचा संभव असतो. 'नहर' ते झाकत नाही. कारण भारतीय भाषांत आल्यापासून या शब्दाने माणसाच्या श्रमाचा आणि जबाबदारीचा अर्थ धारण केलेला आहे. नदीला जयंती असते, परिक्रमा असते, कावड असते. नहरीला पाळी असते, पट्टी असते, दुरुस्ती असते.

अरबीत नदी असलेला शब्द भारतात येऊन कालवा झाला, यात त्याची अवनती झाली असे समजण्याचे कारण नाही. तो निसर्गाकडून माणसाकडे आला एवढेच. झाशीच्या बाजारात मराठी घरातला माणूस 'मानिक चौक' म्हणतो तेव्हा तो आपला 'ण' त्या गावाला देतो आणि त्या बदल्यात गावाचा 'न' घेतो. 'बेतवा नहर' म्हणताना तो असाच दुसरा एक व्यवहार करतो, नकळत. त्या दोन शब्दांत वेत्रवती आहे, बॅबिलोनचा 'नारू' आहे, दिल्लीच्या बागेतली पन्हळ आहे आणि १८८५ साली पारीछ्याच्या बंधाऱ्यातून प्रथम सुटलेले पाणी आहे. ते पाणी शेतात पोचले की त्याला कोणी नहर म्हणत नाही; ते नुसते पाणी होते.